पिठातलं पाऊल

वाळू मेल्यावर होला पाखरू झाला, हे टोकावड्याच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. तो होला झाला नव्हता, हे एकट्या रंजिताला ठाऊक होतं. ती त्याची मुलगी. आणि ती दहा वर्षं मूग गिळून बसली होती.

त्याचं असं झालं. वाळू तापानं गेला तेव्हा रंजिता चौदा वर्षांची होती आणि तिचा भाऊ अमोल नऊचा. वाडीच्या रिवाजाप्रमाणे जिथं जीव गेला तिथंच, घरातल्या मधल्या मेढीच्या खांबापाशी, तांदळाचं पीठ चाळून पसरलं. शेजारी पणती ठेवली आणि वरून टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं. गाईचं उमटलं तर माणूस गाईच्या जन्माला गेला, पाखराचं उमटलं तर पाखराच्या. आणि काहीच उमटलं नाही तर तो गेलाच नाही, असं गोदूआजी सांगायची. वाडीतली सगळ्यांत जुनी बाई ती. जित्यांपेक्षा मेलेल्यांचीच खबरबात तिच्याकडे जास्त असायची. कोरं पीठ म्हणजे जीव घरातच घुटमळतोय, कुणी जेवायला वाढील म्हणून वाट बघतोय, असं तिचं म्हणणं होतं.

उजाडायच्या सुमारास रडून दमलेली माणसं जिथल्या तिथं लवंडली होती. रंजितानं हळूच टोपली वर करून पाहिली. पीठ कोरं होतं, चाळणीतून पडलं तसंच. आईनं आदल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता, "नीट गेला असंल ना गो त्यो?" आता हे कोरं पीठ बघून आई वेडी होईल, एवढंच त्या पोरीला कळलं. तिनं कुडाच्या भिंतीतून कारवीची एक काडी मोडून घेतली आणि पिठात पाखराची पावलं काढली. दोन काढली, मग आणखी दोन, दाराच्या दिशेनं जाणारी. पोरीचा हात पहिल्यापासूनच चांगला होता. फक्त काडी टोकाला चिरलेली निघाली, त्यामुळं प्रत्येक पावलाच्या मधल्या बोटाला टोकाशी बारीक फाटा आला. पुसून परत काढायला वेळ कुठला? तिनं टोपली जाग्यावर ठेवली आणि गोधडीत शिरून डोळे मिटून घेतले.

त्या फाट्यानंच सगळं पक्कं करून टाकलं. वाळूच्या उजव्या पायाचं मधलं बोट लाकडं फोडताना कुऱ्हाडीनं चिरलं होतं आणि तसंच दुभंगलेलं भरून आलं होतं. जनाबाई, म्हणजे रंजिताची आई, पिठावर वाकली आणि मटकन खालीच बसली. "त्येचंच बोट," ती म्हणाली. गोदूआजीनं निकाल दिला की होला आहे, दाराकडं गेला, सुखानं गेला. आईचं रडणं थांबलं. रंजिता कोपऱ्यातून बघत राहिली. तिला वाटलं, आपण चांगलं केलं.

तेव्हापासून जनाबाईच्या घरात भाताची पहिली मूठ ओट्याखालच्या दगडावर जायची. होले यायचे. ते सगळीकडेच येतात, पण जनाबाईला हे सांगणार कोण? "आला गो तुझा बा," असं म्हणून ती दाराशी उभी राहायची आणि त्या मुठीभर भाताकडं बघताना तिचा चेहरा सैल व्हायचा. नवा भात आला, शिमग्याची पोळी झाली, सुकट भाजली, की अख्खं ताट बाहेर. पितरांनासुद्धा बाहेरच. घरात ताट वाढायचं कारणच नव्हतं. रंजिताच्या दर वेळी जिभेवर यायचं आणि दर वेळी ती गिळायची. आई एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे, ती काढून घेतली तर बाई कोसळेल, हे तिला पक्कं कळत होतं.

होता होता रंजिता चोवीस वर्षांची झाली आणि मुरबाडच्या एमआयडीसीत एका कापड छापणाऱ्या कंपनीत डिझाइनच्या खोलीत लागली. गाऊनचं कापड, कुर्त्यांचं कापड असं काहीबाही तिथं छापायचे. आठ महिने ती कच्चीच होती. तिची स्वतःची एक तरी डिझाइन उन्हाळ्याच्या नमुन्यांच्या पुस्तकात गेली तर पक्की, नाहीतर राम राम.

आता मुरबाडात पॅरिस कुठून आलं, असं कुणी विचारील. आलं होतं, रोज सकाळी साडेनवाला यायचं. सप्टेंबर सरत आला की तिकडं पुढच्या उन्हाळ्याचे फॅशन शो सुरू होतात. ते शो इथं भिंतीवरच्या पडद्यावर लावायचे आणि सगळ्यांनी चहाचे कप हातात धरून बघायचे. उंचच्या उंच बायका अशा चालायच्या, जसं काही घरी गॅसवर दूध ठेवून आल्यात. अंगात काय असेल त्याचा नेम नाही. एकीच्या अंगावर चक्क मच्छरदाणी होती, आणि पुढची तर गोधडी पांघरूनच आली. रंजिता पहिल्या दिवशी हसली, तर वाल्मिक मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं.

वाल्मिक गोजर हे त्या खोलीचे मास्तर. शहापूरचे, भातशेतीच्या घरातले. तीस वर्षं कापडाच्या वासात काढलेला माणूस, बोलणं तिरकस आणि नजर घारीची.

"कपडा बघू नको. बाई बघू नको," ते म्हणाले. "तिच्या अंगावरची जमीन बघ. म्हंजे मागचा रंग आणि त्याच्यावर काय सांडलंय ते. आणि एक ध्यानात ठेव, त्यांचं उचलायचं नाय. उचलेगिरी करणारे पायलीला पन्नास हायत. त्येंच्यावरनं आपलं आठवायचं."

रंजितानं महिनाभर फुलं आठवली. पळस आठवला, बहावा आठवला. मास्तर प्रत्येक कागदावर एकच नजर टाकायचे. "हे सुरतेनं गेल्या साली विकून खाल्लं." कागद परत.

मग एका सकाळी पडद्यावर एक बाई चालत आली. अंगात घोट्यापर्यंत पांढरा कोट. पांढरा म्हणजे धुतलेला पांढरा नव्हे, भुकटी भुरभुरल्यासारखा, आणि त्यावर राखाडी रंगाच्या बारीक खुणा, छातीपासून खाली गेलेल्या. कसल्या खुणा होत्या कोण जाणे, कुणीतरी ब्रश झटकला असेल. पण रंजिता पडद्याच्या जवळ सरकली. तो कोट नव्हता. ते मेढीपाशी पसरलेलं पीठ होतं, आणि एक गोरी बाई ते अंगावर घेऊन लख्ख उजेडात सगळ्या जगासमोर चालली होती.

मास्तरांनी चित्र तिथंच थांबवलं. "काय आठवलं?"

"काय नाय."

"तोंडावरनं तसं वाटत नाय. मला हेच पायजे. पण हे त्यांचं. तुझं काय ते काढ."

चार दिवस तिनं दुसरंच काहीतरी काढलं. भाताचा तूस काढला, मुंग्या काढल्या, तांदळातले खडे काढले. मास्तर मान हलवत राहिले. पाचव्या दिवशी तिनं ब्रश ठेवला, बसस्टँडमागच्या कुंपणातून कारवीची काडी आणली, तिचं टोक नखानं चिरलं आणि शाईत बुडवली. का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. कागदावर एक पाऊल उमटलं, मग दुसरं. तीन बोटं पुढं, एक मागं, आणि मधल्या बोटाला फाटा. दहा वर्षांत एकदाही काढलं नव्हतं, तरी हात अडखळला नाही. ती दचकून कागदाकडं बघत राहिली. मग घाबरून तिनं तेच पाऊल बिनफाट्याचं काढलं आणि ते मास्तरांपुढं ठेवलं.

"हे झबल्यावरचं पाखरू झालं," मास्तर म्हणाले. मग त्यांचा हात टेबलावरच्या पहिल्या कागदावर गेला आणि तिथंच थांबला. "हा फाटा कुठनं आणलास?"

"असंच."

"असंच काय येत नाय. पण ऱ्हाऊ दे, नको सांगू. हा फाटाच माल हाय."

तेव्हा नाही म्हणता आलं असतं. कागद फाडून टाकता आला असता. पण आठ महिने जीव टांगणीला लागला होता, आणि रंजितानं मनाची समजूत घातली. कापड जाणार इंदूरला, कलकत्त्याला. टोकावड्यात कोण आणतंय? आणि हे तर पॅरिसवरून सुचलं, तो कोट नसता बघितला तर सुचलं असतं का? अशी समजूत घालायला माणसाला किती वेळ लागतो? तिनं पावलं चौकोनात अशी बसवली, की चौकोनाला चौकोन लागला तरी सांधा दिसू नये. पिठासारखी पांढरी जमीन, त्यावर राखाडी पावलं, वरून खाली चालत गेलेली. डिझाइन पुस्तकात गेली आणि रंजिता पक्की झाली.

घरी तिनं सांगितलं, "पॅरिसचं बघून काढलं." अमोलनं ते वाडीभर केलं. आई म्हणाली, "दाव की मला." "कंपनीची असते, भायेर दावत नाय," रंजिता म्हणाली. एक थाप पचली की दुसरी सोपी जाते.

अमोल आता पिकअप चालवायचा. टोकावड्याची भाजी घेऊन रोज शहापूरच्या बाजाराला. शिमग्याच्या आधीच्या रविवारी तो दुपारी घरी आला तो हातात पिशवी नाचवत. शहापूरच्या बाजारात एका दुकानाबाहेर गाऊन टांगलेले होते. त्यातली एक डिझाइन त्यानं ओळखली, कारण बहिणीच्या फोनमध्ये ती त्यानं चोरून पाहिली होती. कापडाचा काही माल जवळपासच निघाला होता. इंदूर नाही, कलकत्ता नाही, दोन तासांवरचं शहापूर.

जनाबाई दोन वर्षांपासून घरात गाऊन घालायची. आधी नाकं मुरडली होती, मग सगळ्या वाडीनं घातला तेव्हा तिनंही घातला. लेकीच्या हातचं कापड म्हटल्यावर तिनं तो तिथंच, साडीवरूनच अंगात चढवला.

रंजिता विहिरीवरून हंडा घेऊन दारात आली आणि उभीच राहिली. आई मेढीपाशी उभी होती. मानेपासून घोट्यापर्यंत तिच्या अंगावरून वाळूची पावलं चालत गेली होती. हंडा कलंडून पाणी खांद्यावर आलं, तरी रंजिताला ते कळलं नाही.

"बघ ना ताई, कशी दिसते," अमोल हसत होता.

जनाबाई हसत नव्हती. तिनं बाही डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली, परत जवळ आणली आणि अंगठ्यानं एक पाऊल चाचपलं.

"हे कसलं पाऊल गो?"

"पाखराचं, आये. ते पॅरिसच्या शोमधी..."

"पॅरिसवाल्यांनी तुझ्या बापाचं पाऊल कुठं बघितलं?"

अमोलचं हसू गेलं. रंजितानं हंडा खाली ठेवला. आणि तेवढ्यात आईनंच तिला वाट काढून दिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट डोळे भरले होते.

"तू तवा बघितलं व्हतंस. लहान व्हतीस. तेच ध्यानात ऱ्हायलं व्हय तुझ्या?"

रंजितानं मान हलवली. हो. एवढ्या एका मानेवर सगळं निभावणार होतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी स्वतःची शरमही वाटली.

"मग मला काढून दे," जनाबाई म्हणाली. "हे छापाचं नको. पिठातलं दे. किती वरसं झाली बघून. मला आता नीटसं आठवत पन नाय गो." आणि नाही म्हणायला सवड न देता तिनं सूप घेतलं, त्यात तांदळाचं पीठ चाळलं आणि तळव्यानं सपाट केलं. ते सूप तिनं मेढीपाशी बसलेल्या लेकीच्या पुढ्यात ठेवलं. कुडातली एक काडी मोडून हातात दिली. "काढ."

रंजितानं काडी धरली. ती पिठाकडं बघत होती, काडीकडं तिचं लक्षच नव्हतं. लक्ष नव्हतं म्हणूनच तिच्या अंगठ्याच्या नखानं काडीचं टोक शोधलं, मधोमध दाबलं आणि चिरलं. मग तिनं पाऊल काढलं. तीन बोटं पुढं, एक मागं. मधल्या बोटाला फाटा.

पाऊल हुबेहूब आलं. पण जनाबाई पावलाकडं बघत नव्हती. ती काडीकडं बघत होती.

"काडी का चिरलीस?"

रंजितानं काडी मुठीत झाकली.

"रंजू. पाऊल ध्यानात ऱ्हातं. काडी कशी चिरायची ते कसं ध्यानात ऱ्हायलं?"

अमोल एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. त्याला काहीच उमगलं नव्हतं. बाहेर दगडावर सकाळचा भात होता आणि दोन होले तो टिपत होते. रंजितानं काडी सुपात ठेवून दिली.

"मी काढलं व्हतं, आये," ती म्हणाली. "तुमी निजल्या व्हता तवा. तू वेडी व्हशील असं वाटलं मला. काडीच चिरलेली निघाली. बाच्या बोटाचं माझ्या डोक्यात पन नव्हतं."

रंजितानं हा दिवस दहा वर्षांत हजार वेळा मनात उभा केला होता. आई मुस्काटात मारील. आई छाती पिटील. माझ्याशी बोलायची नाही, महिनाभर नाही, कधीच नाही. सगळ्याची तिनं तयारी ठेवली होती. आईनं विचारलं ते मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मग पिठात काय व्हतं?"

"आये..."

"तू काढायच्या आधी. काय व्हतं पिठात?"

"काय नव्हतं."

"मुंगीचं? झुरळाचं? काय तरी?"

"काय नाय, आये. कोरं व्हतं."

जनाबाईची नजर सुपावरून उठली, मेढीवर गेली, तिथून आढ्याकडं गेली आणि परत मेढीच्या बुडाशी आली, वाळू जेवायला बसायचा त्या जागी.

"म्हंजे त्यो गेलाच नाय," ती म्हणाली.

"आये, तसं काय नसतं, गोदूआजी काय पन..."

"हितंच हाय." ती लेकीशी बोलतच नव्हती. "हितं हाय आनि मी त्येचं ताट भायेर ठेवते. दहा वरसं. पाखरांना घातलं सगळं. सुकट घातली. नवा भात घातला. आनि त्यो हितं बसून बघत ऱ्हायला."

कोरं पीठ रंजितानं पाहिलं होतं. कोऱ्या पिठाचा अर्थ तिला तेव्हाही ठाऊक होता, त्यालाच भिऊन तर तिनं काडी उचलली होती. आईची समजूत राहावी म्हणून तिनं दहा वर्षं जिवाचा आटापिटा केला. पण घरात राहिलेल्या माणसाचं पुढं काय झालं, हा विचार तिला कधी शिवलाच नव्हता. तिचा विश्वास होता की नव्हता, हे तिला आता या घटकेला सांगता आलं नसतं. पण आईचा होता. आईच्या हिशेबानं लेकीनं बापाला दहा वर्षं उपाशी ठेवलं होतं, आणि आपण ठेवतोय हे तिला माहीत होतं.

जनाबाई उठली. अंगातला गाऊन काढायचंही तिला सुचलं नाही. ती बाहेर गेली, होले भर्रकन उडाले. दगडावरचा भात तिनं तळव्यानं झाडून टाकला, दगड पाण्यानं धुतला. मग आत येऊन वाळूचं पितळी ताट फळीवरून काढलं. राखेनं घासलं, दोनदा घासलं. चुलीवरचा भात वाढला, वर आमटी घातली, कडेला भाजलेल्या सुकटीची चिमूट ठेवली. अमोलनं पुढं होऊन तिला धरायला हात केला, तो तिनं बघितलाच नाही.

ताट दोन्ही हातांत घेऊन ती मेढीपाशी आली. रंजिता अजून तिथंच बसली होती, मेढीला पाठ लावून, पुढ्यात सूप. रोज जेवायला ती तिथंच बसायची. बा गेल्यापासून ती जागा रिकामीच होती, म्हणून तिनं घेतली होती.

"सरक गो," जनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण लेकीला बोलतात तसा तो आवाजही नव्हता. "त्येच्या जागेवर बसलीस तू."